नाबोर कोम्पाद्रेंचा मुका पंप

आमच्या गावच्या पोहण्याच्या तलावाचा जुना पंप चालू असला की गिऱ्हाइकाला ‘मिरची घालू का?’ हे मला दोनदा ओरडून विचारावे लागे. माझी चूल पंपाच्या खोलीच्या भिंतीला अगदी चिकटून आहे. मक्याच्या जाड पोळीत घेवडा भरून मी त्लाकोयो भाजते, वर निवडुंगाची भाजी आणि चीज घालते, आणि पोहून भुकेजलेली माणसे ते उभ्या उभ्या खातात. पंपाच्या घरघराटाचा त्रास होता तसा फायदाही होता. कोणाबद्दल काहीही बोलले तरी ते चुलीपाशीच राहायचे.

भिंतीपलीकडे नाबोर. माझ्या थोरलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी हातांवर घेतले, म्हणून ते माझे कोम्पाद्रे आणि मी त्यांची कोमाद्रे. हे नाते आमच्याकडे सख्ख्या भावंडांपेक्षा जास्त जपतात. भावाशी कडाडून भांडता येते, कोम्पाद्रेशी आवाज चढवायचीही चोरी.

नाबोरांचे वडील साखर कारखान्यात चरकापाशी कामाला होते. त्या चरकाने त्यांचे कान खाल्ले. ओसरीतल्या खुर्चीत त्यांना बसवून ठेवलेले मी लहानपणी पाहिले आहे. आधी लोक त्यांच्याशी ओरडून बोलत, मग कामापुरते बोलत, मग नुसतेच पुढ्यात ताट ठेवून निघून जात. ऐन विशीतल्या नाबोरांनी ते सगळे डोळ्यांनी पाहिले आणि कारखान्याची पायरी चढणार नाही म्हणून सांगितले. राजधानीतल्या पैसेवाल्यांचे सुट्टीचे बंगले आमच्या मोरेलोस प्रांतात पैशाला पासरी. त्या बंगल्यांतले तलाव साफ करायचे काम त्यांनी धरले.

त्यांचा कान तयार झाला तो तिथे. सायकलवरून गल्लीत शिरता शिरता त्यांना कळायचे की या घरचा पंप हवा ओढतोय, त्या घरच्या जाळीत जॅकरंडाची फुले अडकलीत. पुढे गावाने झऱ्याच्या जागेवर स्वतःचा तलाव बांधला तेव्हा तो सांभाळायला दुसऱ्या कोणाचे नावच निघाले नाही. भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून ते पंप ऐकत उभे राहत. आवाज चिरका झाला की जाळी साफ करायची. आवाज बसला की समजायचे, पाणी गाळणारी वाळू मळाने भरली. मग पंप बंद करून व्हॉल्व्हचा दांडा फिरवायचा, उलटे पाणी सोडून टाकीतली वाळू धुऊन काढायची, आणि पुन्हा पंप चालू. वाळूच्या टाकीवर दाब दाखवणारा एक काटा होता. तो कधीचाच अडकून एका जागी बसला होता. बदला म्हटले तर नाबोर म्हणायचे, ‘काटा कशाला? कान नाहीत त्यांना तो लागतो.’

ओबदुलिया, त्यांची बायको, रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि माझ्या चुलीपाशी टेकून दोन गोष्टी बोलून जायची. ती वारल्यावर नाबोर घरी फक्त झोपायला जाऊ लागले. सकाळी येत, तलावाच्या कडेने एक फेरी मारत, आणि मग संध्याकाळपर्यंत आपले ते आणि त्यांचा पंप. तो तलाव होता म्हणून माणूस टिकला, असे आम्ही सगळेच म्हणायचो.

गेल्या हिवाळ्यात जुना पंप जळाला. तलाव-समितीचे प्रमुख फिदेन्सिओ, तेही नाबोरांचे कोम्पाद्रेच, त्यांनी हौसेने नवा पंप आणवला. हा तीन वेगांचा. बसवायला आलेल्या कारागिराने घाईघाईत समजावले, ‘हे बघा, दिवसभर सगळ्यात हळू वेगावर ठेवायचा. पाणी वाळूतून सावकाश गेलं की घाण मागे राहते. गर्दी असली तर मधला. सगळ्यात जोराचा फक्त वाळू धुवायला आणि तळाची घाण ओढून काढायला. कळलं?’

‘कळलं,’ नाबोर म्हणाले.

कारागीर बटण दाबून, माझ्याकडचे दोन त्लाकोयो खाऊन गेला. थोड्या वेळाने नाबोर दारात आले. चेहरा पडलेला.

‘कोमाद्रे, जरा आत येता?’

मी हात पुसत गेले. खोलीत निळा, चकचकीत पंप. नाबोरांनी माझ्याकडे न बघता विचारले, ‘वाजतोय का हो हा?’

आता मला सांगा, यावर काय उत्तर द्यायचे असते? आमच्याकडे माणसाच्या तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. कोणी रस्ता विचारला आणि आम्हाला ठाऊक नसला तरी आम्ही हात दाखवून कुठे तरी पाठवतो, पण नाही माहीत म्हणत नाही. लग्नाचे आमंत्रण आले की येणार तर, येणारच म्हणतो आणि त्या दिवशी घरी पाय पसरून बसतो. त्यातून समोर कोम्पाद्रे, त्यांच्या डोळ्यांत इतकी आशा.

‘वाजतोय की,’ मी म्हटले. ‘छान वाजतोय.’

खरे सांगायचे तर मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हते. मला वाटले, असेल काही तरी बारीक, जाणकारांना कळणारे. नंतर त्यांनी फिदेन्सिओंना विचारले. फिदेन्सिओंनी मान डोलावून सांगितले, ‘वा, कोम्पाद्रे, काय गोड आवाज आहे. पैसे वसूल.’ पंप त्यांनीच निवडलेला, ते दुसरे काय सांगणार?

त्या दिवसापासून नाबोर बदलले. पाणी चालू होते; कडेच्या भोकांतून ते येताना हाताला लागत होते. त्यांच्या समजुतीने सगळ्यांना पंप ऐकू येत होता. येत नव्हता तो एकट्या त्यांना. आणि त्यांच्या डोळ्यांपुढे ओसरीतली ती खुर्ची उभी राहिली. हे सगळे मला पुढे कळले. तेव्हा एवढेच दिसत होते की माणूस मोठमोठ्याने बोलायला लागलाय. ‘शुभ सकाळ’ अशी म्हणायचे की झाडावरची पाखरे उडावीत. कोणी काही बोलले की हात कानामागे धरून म्हणायचे, ‘अं? पुन्हा बोला.’ आपल्या हातून एखादा शब्द निसटू नये म्हणून त्यांनी आधीच सावध व्हायचे ठरवले होते. आम्ही त्यावरून काय तो निकाल देऊन टाकला.

दार बंद करून ते आत आणखी एक गोष्ट करत होते. हळू वेगावर काही ऐकू येईना म्हणून त्यांनी बटण मधल्या वेगावर नेले. तिथेही नीट काही नाही. मग सगळ्यात जोराच्या वेगावर. तिथे मात्र पंप बारीक गुणगुणायला लागला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. अजून एवढे तरी ऐकू येते म्हणून त्यांनी तो तिथेच ठेवला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, रोज. फिदेन्सिओ येताना दिसले की बटण खाली, ते गेले की पुन्हा वर.

इतक्या जोरात रेटलेले पाणी वाळूत कुठे थांबणार? बारीक धूळ, अंगाचे तेल, सगळे घेऊनच ते वाळू पार करत होते आणि परत तलावात येत होते. ईस्टरच्या आधीचे उपास संपत आले तोवर पाणी भाताच्या पेजेसारखे दिसायला लागले. नाबोरांनी औषध बदलून पाहिले, तळ घासला, कडा घासल्या. जुना पंप असता तर आवाज ऐकून त्यांनी दुखणे चुटकीसरशी ओळखले असते. आता काय ऐकायचे, हेच त्यांना समजत नव्हते.

पवित्र आठवडा म्हणजे आमचे वर्ष. राजधानीहून बसच्या बस येतात, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे पाण्यात उतरतात, आणि माझ्या चुलीपुढे रांग लागते. फिदेन्सिओ काळजीने काळवंडले होते. एका सकाळी ते माझ्यापाशी आले आणि तव्यावर वाकून हळूच म्हणाले, ‘कोम्पाद्रेचे कान गेले.’

‘बापाच्या वळणावर,’ मी म्हटले. मीही हळूच बोलले, लाज थोडी तरी असतेच.

‘पंप बोंबलत असेल आणि याला पत्ता नसेल. पाणी बघा काय झालंय. ईस्टर होऊन जाऊ दे, मग किल्ल्या मागून घेतो. दुसरा कोणी तरी बघायलाच हवा.’

‘सांभाळून सांगा. बायको नाही बिचाऱ्याला.’

‘सांगतो हो. म्हणेन, कोम्पाद्रे, आता तुमचा आराम करायचा काळ आला.’

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ज्या दिवसापासून आमची गर्दी सुरू होते त्या दिवशी, तलावाच्या फाटकाला साखळी. आत नाबोर कडेवर उभे. त्यांचा एक नियम होता, तलाव बांधल्यापासूनचा: कडेवर उभे राहून तळाची गोल जाळी दिसली नाही, तर फाटक उघडायचे नाही. पोर बुडाले तर ते दिसले पाहिजे, एवढा साधा हिशोब. त्या सकाळी जाळी तर सोडाच, दुसरी पायरीसुद्धा दिसत नव्हती. बाहेर माणसे टॉवेल खांद्यावर टाकून कुरकुरत होती. फिदेन्सिओ साखळी हलवत होते. माझा तवा तापून वाया चालला होता आणि माझे डोकेही.

तेवढ्यात डबा घेऊन ब्रिसेइदा आली. ही नाबोरांची सून. मुलगा रुतिलिओ ट्रक चालवतो, त्याने ही पार उत्तरेहून, सोनोराहून, करून आणलेली. त्या लोकांच्या जिभेला हाड नसते, असे आमच्याकडे सगळे म्हणतात. पहिल्यांदा माझा त्लाकोयो खाल्ला तेव्हा मी कौतुकाने विचारले, ‘कसा झालाय?’ तर म्हणाली, ‘कोरडा. घेवडा कमी आहे.’ मी तिच्याशी नाताळपर्यंत बोलले नव्हते. सासऱ्यांना ती ताता म्हणते. तिकडे आजोबांना तसे म्हणतात, आणि घरातल्या पोरांचे ऐकून तिनेही तेच उचलले.

नाबोरांनी तिच्यासाठी साखळी काढली, आणि तिच्या मागोमाग फिदेन्सिओ आणि मीही आत घुसलो. नाबोरांनी डबा घेतला नाही. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, ‘हे घे. फिदेन्सिओला दे. मी बहिरा झालोय. बहिऱ्या माणसाने तलाव सांभाळू नये.’

‘कोण म्हणतं तुम्ही बहिरे झालात, ताता?’

‘सगळं गाव म्हणतं.’

‘तुमच्या तोंडावर म्हणालं?’

‘तोंडावर कोण म्हणेल? कोम्पाद्रे आणि कोमाद्रे बोलत होते. बापाच्या वळणावर गेलो म्हणे. किल्ल्या मागून घ्यायच्यात म्हणे. आराम करायचा काळ आला म्हणे.’

मी पुसलेलेच हात पुन्हा पुसायला लागले. फिदेन्सिओ टोपी काढून तिच्यातच बघायला लागले.

ब्रिसेइदा मात्र कपाळाला आठ्या घालून उभी. ‘कुठे बोलत होते?’

‘चुलीपाशी.’

‘आणि तुम्ही कुठे होता?’

‘आत. पंपापाशी.’

‘पंप बंद होता?’

‘चालू होता की. पूर्ण जोरात.’

‘ओरडून बोलत होते हे दोघं?’

‘छे. कुजबुजत होते.’

तिने डबा खाली ठेवला. मग म्हणाली, ‘म्हणजे भिंतीपलीकडची कुजबूज, पंप चालू असताना, तुम्ही शब्द न् शब्द ऐकलीत. आणि त्यात तुम्हाला काय कळलं, तर तुम्ही बहिरे आहात.’

नाबोरांचे तोंड उघडे राहिले. मग ते दुबळ्या आवाजात म्हणाले, ‘पण पंप ऐकू येत नाही गं मला. हळू वेगावर अजिबात नाही.’

ब्रिसेइदा तरातरा पंपाच्या खोलीत गेली. आम्ही मागून. तिने बटण शोधून वेग खाली आणला आणि कान जवळ नेऊन ऐकले. ‘नाही,’ ती म्हणाली. ‘मलाही काही ऐकू येत नाही.’ मग वळून माझ्याकडे. ‘तुम्हाला येतं का हो?’

‘येतं की, म्हणजे तसं...’ मी सुरुवात केली.

‘खरं सांगा.’

नाबोर माझ्याकडे बघत होते. पहिल्या दिवशी विचारले होते तसेच, डोळ्यांत तीच आशा, फक्त या वेळी ती उलट्या उत्तराची होती. उभ्या आयुष्यात कोम्पाद्रेच्या तोंडावर मी नाही म्हटलेले नाही. शेवटी म्हटले, ‘नाही हो, कोम्पाद्रे. पहिल्या दिवशीही नव्हतं येत.’

‘आणि तुम्हाला?’ ब्रिसेइदाने फिदेन्सिओंना विचारले.

‘म्हणजे, गोड आहे, पण...’

‘येतं का नाही?’

‘नाही येत,’ फिदेन्सिओ टोपीला म्हणाले.

नाबोर क्लोरीनच्या पिंपावर बसले. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मला वाटले रडताहेत. रडतही होते, पण मधेच हसायला लागले आणि मग दोन्ही एकदमच चालले. ‘मुकाच आहे हा मेला,’ ते पंपाकडे बोट दाखवून म्हणत होते. ‘जन्माचा मुका आहे.’ त्यांचा आवाज किती दिवसांनी पुन्हा माणसासारखा खाली आला होता. ब्रिसेइदाने किल्ल्यांचा जुडगा परत त्यांच्या पट्ट्याला अडकवला. मलाही इतके हलके वाटले की मी तिथेच भिंतीला टेकले, आणि माझे त्लाकोयो बाहेर करपले ते करपलेच.

मग एका दमात सगळी हकिगत बाहेर आली: बटणाची, फिदेन्सिओ आले की वेग खाली आणण्याची, सगळी. फिदेन्सिओंनी कारागिराला फोन लावला. तो काय म्हणाला ते नाबोरांना बाजूला उभ्या उभ्या ऐकू आले, पुन्हा सांगावे लागले नाही.

त्याच दुपारी त्यांनी पंप बंद केला, दांडा फिरवला आणि सगळ्यात जोराच्या वेगावर वाळू उलटी धुतली. टाकीच्या काचेच्या खिडकीतून आधी गढूळ पाणी आले, मग फिकट, मग स्वच्छ. पुन्हा बंद, दांडा जागेवर, आणि मग बटण सगळ्यात हळू वेगावर. त्यानंतर नाबोरांनी त्याला हात लावला नाही. ब्रिसेइदाने कुआउत्लाहून नवा काटा आणून बसवायला लावला. ते येता जाता त्या काट्याकडे बघायचे, घरी राहायला आलेल्या नावडत्या पाहुण्याकडे बघावे तसे, पण बघायचे.

हळू कामाचा धीर धरणे आम्हाला कोणालाच जमत नव्हते. फाटक बंदच. फिदेन्सिओ तासातासाला कडेवर येऊन वाकून बघायचे. सोमवारी काही फरक नाही. मंगळवारी मी म्हटले, थोडा वेग वाढवा की हो. नाबोर म्हणाले, ‘नाही.’ नुसते नाही. पुढे काही गोडाचे लावलेसुद्धा नाही. गुरुवारी सकाळी तळाशी काही तरी गोलसर, धुरकट दिसले आणि आम्ही तिघे कडेवर पोरांसारखे वाद घालत बसलो की ती जाळी की सावली. शुक्रवारी तिच्या पट्ट्या मोजता आल्या.

ग्लोरियाच्या शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, साखळी निघाली. त्या दिवशी एकमेकांवर पाणी ओतायची आमची जुनी चाल. फाटकातून आत पाऊल टाकताच फिदेन्सिओंवर नाबोरांनी अख्खी बादली रिकामी केली, अगदी मन लावून. ‘कोम्पाद्रे, तुमचा न्हायचा काळ आला,’ म्हणाले. माझ्यावर ओतले नाही. एवढेच म्हणाले की कोमाद्रे, फिदेन्सिओच्या बायकोच्या नव्या दातांबद्दल काल तुम्ही जे बोललात ते मला पटलं नाही. माझी चूल त्याच दुपारी मी भिंतीपासून हलवून लिंबाखाली नेली.

पाणी इतके स्वच्छ होते की पोहणाऱ्यांच्या सावल्या तळावर हलताना दिसत. तिथे गोंधळ कसला: आया पोरांना हाका मारताहेत, पोरे उड्या टाकताहेत, कोणी रबरी चाकावरून भांडतेय. दुपार कलल्यावर मी नाबोरांसाठी एक त्लाकोयो घेऊन गेले, घेवडा जरा जास्त भरून. ते पंपाच्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून उभे होते, वर्षानुवर्षे उभे राहायचे तसे. मला वाटले, सवय ती सवय.

‘पंप ऐकताय होय?’ मी विचारले.

‘नाही,’ ते डोळे न उघडता म्हणाले. ‘पोरं ऐकतोय. इतकी वर्षं इथे उभा राहिलो, कोमाद्रे, पण मला यांचा आवाज कधी आलाच नव्हता.’